तळ्यापलीकडचं तेरावं

तत्त्व मोडू नये म्हणून तुम्ही कधी कुणाला एकटं जेवायला लावलं आहे का? घाईने नाही म्हणू नका. मीही नाहीच म्हटलं असतं, २०२१च्या जानेवारीपर्यंत.

त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टअखेर मी डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समधली खोली सोडली. ऑफिस मार्चपासून बंद होतं. घरातल्या आम्हा चौघींपैकी तिघी आपापल्या गावी निघून गेल्या होत्या आणि मी एका खोलीत, पलंगाच्या कडेला टेबल लावून, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत बसले होते. ऑफिसातली एक आयरिश मैत्रीण म्हणाली, "आजीचं घर रिकामं पडलंय. हिवाळ्यात कुणी राहिलं नाही तर पाइप फुटतील. जाशील का?" मी दोन बॅगा घेऊन गेले.

ते घर देशाच्या पश्चिमेला, क्लेअर परगण्यातल्या बरेन नावाच्या भागात होतं. तिथे मातीपेक्षा दगड जास्त. राखाडी चुनखडीच्या टेकड्या, त्यांवर हजारो वर्षांपूर्वीची दगडी थडगी, छप्पर नसलेली चर्चं, आणि सरळ टेकडीवर चढत गेलेल्या, कशालाच न अडवणाऱ्या भिंती. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात उपाशी माणसांना फुकट जेवू घातलं तर ती आळशी होतील, म्हणून त्यांच्याकडून या भिंती बांधून घेतल्या, असं तिथली माणसं सांगतात. आमच्याकडे आजी-आजोबांच्या पिढीने दुष्काळी कामावर खडी फोडली. भिंती बघून मला संताप यायचा, आणि ओळखीचं काहीतरी दिसल्यासारखंही वाटायचं.

घरासमोर मोठं कुरण होतं. सप्टेंबरात त्यात गाई चरत होत्या. ऑक्टोबरात पाऊस लागला आणि एका सकाळी दार उघडलं तर कुरणाच्या जागी पाणी. नदी नाही, ओढा नाही. तिथे दगडाच्या पोटातून पाणी वर येतं, हिवाळाभर तळं होऊन राहतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ज्या भोकांतून आलं त्यांतूनच निघून जातं. त्याला ते लोक टरलॉख म्हणतात. दगडी कुंपणं पाण्यात शिरून पलीकडच्या काठाला बाहेर निघाली होती. मधोमध एक काटेरी झाड पाण्यात उभं होतं.

पलीकडच्या काठावर एक पांढरं घर होतं. त्या घरात काका-काकू राहायचे.

त्यांची ओळख गावातल्या एकुलत्या एक दुकानात झाली. मी फोनवर आईशी भांडत होते. मागून मराठीत आवाज आला, "दोन मीटर सोडून उभा आहे, तरी ऐकू आलं. पुढे काय झालं मग?" वळून पाहिलं तर टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ हातात कोबी घेऊन उभे. मूळचे वर्ध्याचे. काकू डॉक्टर, भूलतज्ज्ञ. पन्नास वर्षांपूर्वी नोकरी घेऊन इथे आल्या आणि काका त्यांच्याबरोबर आले. काकू हॉस्पिटलात जायच्या. काका मुलीला वाढवायचे, स्वयंपाक करायचे, कोंबड्या पाळायचे. तेव्हा ही गोष्ट इथल्या लोकांनाही पचायला जड गेली होती, असं ते अभिमानाने सांगायचे. सप्टेंबरात कुरण कोरडं होतं तेव्हा मी तीन-चारदा चालत पलीकडे गेले. अंगणात लांब लांब खुर्च्या टाकून आम्ही बोललो. काका मला आतून लोणच्याची वाटी आणून देत आणि मधल्या दगडावर ठेवून मागे सरकत.

मग निर्बंध कडक झाले. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, दुसऱ्याच्या घरात जायचं नाही. दारातल्या फटीतून सरकारी पुस्तिका पडली. ती मी पेनाने खुणा करत वाचली.

माझ्यासारखीला हे करावंच लागतं. माझे वडील नगरमध्ये छोटा छापखाना चालवत आणि लग्नपत्रिकांतून वेळ उरला की पत्रकं छापत. गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदावरची पत्रकं. पाणी कुणाच्या विहिरीचं, हुंडा, बुवा, नवस. मजकूर ते आणि आई मिळून लिहायचे. वाचायला मी शिकले ती मुद्रितं तपासताना. आमच्या घरात छापील शब्दाला वजन होतं; जे छापलं ते पाळायचं, नाहीतर छापायचं नाही. त्यातलं एक पत्रक मला अजून पाठ आहे. त्याचं शीर्षक होतं, 'जिवंतपणी पेज नाही, मेल्यावर पंगत'. तेराव्याच्या जेवणावळीविरुद्धचं होतं ते. शाळेत असताना मी ते घरोघर वाटलं होतं आणि एका घरी त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या होत्या.

पाच किलोमीटर मी रस्त्याने मोजले. तळ्याला वळसा घालून काकांचं घर सात किलोमीटरवर होतं. म्हणजे हद्दीबाहेर. मी जाणं बंद केलं. रोज फोन करायचे. संध्याकाळी पलीकडे त्यांचा दिवा लागलेला दिसायचा.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी काका कोंबड्यांना दाणे टाकायला गेले आणि तिथेच पडले. हृदय थांबलं होतं. काकूंनीच छातीवर दाब दिला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. मुलगी इंग्लंडमध्ये, लीड्सला. ब्रिटनहून येणारी विमानं तेव्हा बंद केलेली. दहनाला मोजकी माणसं होती. मी ते लॅपटॉपवर पाहिलं. कॅमेरा एकाच जागी लावलेला होता आणि त्यात काकूंच्या डोक्याचा मागचा भाग तेवढा दिसत होता. शेजारची खुर्ची नियमाप्रमाणे रिकामी होती.

नवं वर्ष लागलं आणि थंडीने कमाल केली. रात्रीत बादली तळापर्यंत गोठायची. तळं आधी काठाशी पांढरं झालं, मग मधलं काळं पाणीही दिसेनासं झालं.

सोमवारी काकूंचा फोन आला.

"काय खाल्लंत?" मी विचारलं. आमच्याकडे दुसरं काही सुचलं नाही की हेच विचारतात.

"टोस्ट. सिंकपाशी उभ्याने खाते. टेबलाशी बसवत नाही गं. समोर त्यांची खुर्ची."

"दहा दिवस टोस्टवर?"

"कधी कधी तोही नाही. कोट आता खुंटीवर टांगल्यासारखा लोंबतो माझ्यावर. पेशंट असता तर मी रागावले असते." मग म्हणाल्या, "गुरुवारी तेरावा दिवस. गुरुवारी मी टेबलाशी बसणार आहे. समोर कुणी असलं तर बसवेल. तू जेवायला ये."

आता मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते लपवून ही गोष्ट सांगता येणार नाही.

"काकू, दोन अडचणी आहेत," मी म्हटलं. "एक म्हणजे नियम. तुमचं घर सात किलोमीटर आहे आणि घरात जायला तर मुळीच परवानगी नाही. आपल्यासारख्या शिकलेल्यांनीच नियम मोडले तर बाकीच्यांना काय सांगणार? आणि दुसरं, तेराव्याचं जेवण मी जेवत नाही. आमच्या घरी कुणीच जेवत नाही. तुमच्याबद्दल काही नाही, पण ही प्रथाच चुकीची आहे."

त्या गप्प होत्या. मला वाटलं, पटतंय. म्हणून पुढे बोलत राहिले. पत्रकातली दोन वाक्यंही मी म्हणून दाखवली. मेलेलं माणूस जेवत नसतं, हेही मी अशा बाईला सांगितलं, जिने स्वतःच्या नवऱ्याच्या छातीवर वीस मिनिटं दाब दिला होता.

"हो का," काकू म्हणाल्या. "मी आयुष्यभर माणसांना भूल दिली गं. झोपलेलं कोण आणि मेलेलं कोण, ते मला कळतं."

मग म्हणाल्या, "बरं. थंडी फार आहे, नळ थोडा चालू ठेव, नाहीतर पाइप फुटेल." आणि फोन ठेवला.

मला वाटलं होतं, आपण अवघड पण योग्य ते केलं. ते वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. पलीकडे दिवा लागला आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून तो बघत राहिले. मंगळवारी कामाच्या चार मीटिंगा झाल्या, एकीतही कुणी कॅमेरा लावला नाही. आठ चौकोन, आठ आद्याक्षरं. बुधवारी सकाळी मी मोठ्याने "चहा झाला" म्हटलं आणि माझ्याच आवाजाने दचकले. खरखरीत, न वापरलेल्या कुलपासारखा. शेवटचं प्रत्यक्ष माणूस मी नऊ दिवसांपूर्वी पाहिलं होतं. पोस्टमन. त्याने गाडीतूनच हात केला होता.

काकूंना दोनदा फोन केला. उचलला नाही.

गुरुवारी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. मी तिला सगळं सांगितलं, जरा ऐटीतच. आपल्या मुलीने पत्रक पाळलं, याचा तिला आनंद होईल अशी अपेक्षा होती.

आई ऐकून म्हणाली, "कुणाला म्हणून दाखवलंस ते पत्रक?"

"काकूंना."

"ज्या बाईचा नवरा गेला तिला? अगं, ते तिच्यासाठी लिहिलं होतं का? पंगतीत बसून वर आणखी जिलबी मागणाऱ्या फुकट्यांसाठी होतं ते!"

मागून बाबांचा आवाज आला. "काय झालं?"

"तुमची लेक आयर्लंडात समाजसुधारणा करतेय."

बाबांनी फोन हातात घेतला. सगळं पुन्हा सांगावं लागलं, या वेळी ऐट नव्हती. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "आम्ही लोकांना पंगतीतून उठवायचो," ते म्हणाले, "पण त्या घरी डबा घेऊन तुझी आईच पहिली जायची. पहिल्या दिवसापासून. तू झोपलेली असायचीस."

"मग ते पत्रकात का नाही लिहिलंत?"

"ते काय छापायचं असतं?" बाबा म्हणाले.

मी डाळीचं पीठ शोधलं. गॉलवे शहरातून आणलेलं अर्धं पाकीट शिल्लक होतं. पिठलं केलं, भात लावला. आमच्याकडे मयताच्या घरी शेजारी पिठलं-भात नेतात; तेरा दिवस उशिराने मी तो डब्यात भरला. साडेदहा वाजले होते. रस्त्याने निघाले असते तर बारापर्यंत पोचले असते.

पण रस्ता सात किलोमीटरचा होता. तळ्यावरून सरळ गेलं तर जेमतेम पाऊण. एक तत्त्व सोडायला मी तयार झाले होते, दोन नाही. डबा दारात द्यायचा, अंगणात दोन मीटरवर बसून जेवायचं आणि नियमाच्या आतून परत यायचं, असा माझा हिशेब होता. आणि त्या हिशेबाचा मला अभिमानही वाटत होता.

काठाला उभं राहून मी आधी टाच आपटून पाहिली. बर्फ हलला नाही. मी काही अगदीच अविचारी नव्हते. पाण्यात शिरलेलं दगडी कुंपण पलीकडपर्यंत जातं हे मला माहीत होतं. त्याचे वरचे दगड बर्फातून दात काढल्यासारखे वर आले होते. सप्टेंबरात त्याच्याच कडेने चालत गेले होते मी. त्याला धरून गेलं तर वाट चुकणार नव्हती आणि पाणीही तिथे फार खोल नसावं.

पहिली दोनशे पावलं सोपी गेली. बर्फावर रात्रीचं दव गोठून पिसांसारखं उभं होतं. ते बुटाखाली करकरायचं. पायांखाली गवत दिसत होतं, हिरवं, आडवं झालेलं, काचेखाली ठेवल्यासारखं. मध्ये कुठेतरी सात-आठ मोठे हंस बर्फावर नुसते उभे होते. उत्तरेकडून हिवाळ्यापुरते येतात ते. पाणी गेलं कुठे हे त्यांना कळत नसावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागले.

काटेरी झाडाजवळ पोचले आणि आवाज बदलला. आतापर्यंत पाऊल भरीव वाजत होतं. आता रिकाम्या पिंपावर चालल्यासारखं वाजू लागलं. मी थांबले. फोन काढला. रेंज नव्हती. मागे माझं घर, पुढे काकूंचं, दोन्ही सारखीच लहान दिसत होती. आणि माझ्या लक्षात आलं की मी या क्षणी कुठे आहे हे जगात एकाही माणसाला ठाऊक नाही. आईला वाटत होतं मी कामाला बसलेय. ऑफिसला वाटत होतं मी सुट्टीवर आहे. काकूंना वाटत होतं मी येणार नाही. इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं, आणि मजा म्हणजे घरात बसून मी रोज तितकीच एकटी होते. फक्त तिथे पायाखाली फरशी होती.

पुढचं पाऊल टाकलं आणि बर्फ गेला.

आधी मी पाण्यात पडलेच नाही. बर्फाखाली हवा होती. तळं वरून गोठलं तरी खालचं पाणी जमिनीतल्या भोकांतून उतरत राहिलं होतं आणि वरचा बर्फ छतासारखा तसाच लटकून राहिला होता. मी त्या छतातून खाली गेले, आधी हवेत आणि मग गुडघाभर पाण्यात. थंडी अशी की ती थंडी आहे हे कळायलाच वेळ लागला. वाटलं, कुणीतरी पायांवर काठी मारली. एका हाताने मी भिंतीचा दगड धरला. दुसरा हात डोक्यावर होता, डब्यासकट. तो वर कसा गेला, मला आठवत नाही.

"हलू नकोस!" पलीकडच्या काठावरून कुणीतरी ओरडलं. ट्रॅक्टरजवळ एक शेतकरी उभा होता. तिथे हिवाळ्यात गाई टेकडीवर चरायला सोडतात, त्यांना बघून तो खाली आला असावा. "भिंतीवर चढ! भिंतीवरूनच ये! आणि डावीकडे अजिबात जाऊ नकोस, तिथे गिळणारं भोक आहे!"

मी भिंतीवर चढले. निसरड्या दगडांवरून, कधी उभी, बरीचशी बसून सरकत, तीनशे-साडेतीनशे पावलांचं अंतर कापलं. तो काठावर हात खिशात घालून वाट बघत राहिला. मी पोचल्यावर नियमाप्रमाणे चार पावलं मागे सरला.

"रस्त्यात काय वाईट होतं?" त्याने विचारलं.

"रस्ता सात किलोमीटर पडतो."

"मग?"

"पाच किलोमीटरचा नियम आहे."

त्याने माझ्या ओल्या पँटकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, तळ्यातल्या भोकाकडे पाहिलं. "देवा रे," तो म्हणाला, "नियम पाळता पाळता बुडालेली या परगण्यातली पहिलीच बाई झाली असतीस तू."

काकूंनी दार उघडलं. फोनवर सांगितला होता त्याहून त्यांचा कोट जास्त लोंबत होता.

"तळ्यावरून आलीस?"

"हो."

"मूर्ख आहेस." मग माझ्या बुटातून वाहणारं पाणी बघून, "आत ये."

"नको काकू, मी अंगणातच..."

"आत ये म्हणते ना. बोटं काळी पडली तर कापायला मला येत नाही, मी फक्त भूल देते."

त्यांनी मला शेगडीजवळ बसवलं, मोजे काढायला लावले, पायाचं एकेक बोट दाबून पाहिलं आणि काकांची कॉर्डरॉयची पँट आणून दिली. ती घालून मी उभी राहिले आणि तरीही म्हणाले, "पण हे नियमात बसत नाही."

काकूंनी कपाटाचा खण उघडून पुस्तिका काढली. माझ्याकडे होती तीच. पान उघडून बोट ठेवलं. एकट्या राहणाऱ्या माणसाला दुसरं एक घर स्वतःशी जोडून घेता येतं. मग त्या घरी जाता येतं, बसता येतं, जेवता येतं. पाच किलोमीटरची अटही त्याला नाही.

"हे पान मी पाहिलं होतं," मी म्हटलं.

"मग?"

"ते एकट्या राहणाऱ्यांसाठी आहे, म्हणून उलटलं."

काकूंनी पुस्तिका मिटली. "आणि तू कुणाबरोबर राहतेस?" त्यांनी विचारलं.

पेनाने खुणा करत वाचलेल्या त्या पुस्तिकेत मी सगळ्यांना शोधलं होतं: म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, शिकलेल्यांना, बेशिस्तांना. स्वतःला शोधलं नव्हतं.

"फोनवर का नाही सांगितलंत?"

"तू बोलू दिलंस का?" त्या म्हणाल्या. आणि शेगडीकडे वळून, "शिवाय, नियमात बसतं म्हणून कुणी जेवायला आलेलं मला नको होतं."

त्यांनी स्वयंपाक केला होता, कुणी येणार नाही हे माहीत असून. वरण-भात आणि शिरा. पन्नास वर्षांत त्यांनी स्वयंपाकघरात चहापलीकडे काही केलं नव्हतं. वरणात मीठ नव्हतं आणि शिऱ्यात सुपारीएवढ्या गुठळ्या होत्या.

"त्या प्रेसमधून ताटं काढ," त्या म्हणाल्या. तिथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि काकूही तेच म्हणायच्या. मी ताटं काढली आणि वाट बघत राहिले. आता काकू बाजूला एक पान वाढतील, फोटोला नैवेद्य दाखवतील, कावळ्याला घास ठेवतील. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण मनात वाक्यं तयार होतीच. त्यांनी दोनच ताटं वाढली.

"कुठे बसू?" मी विचारलं. टेबलाशी काकांची खुर्ची आणि काकूंची खुर्ची, एवढ्या दोनच होत्या.

"तिथेच. उभ्याने जेवायला आलीयेस का?"

मी काकांच्या खुर्चीत बसले. काकू समोर बसल्या. हात ताटात घातला आणि तसाच राहिला. मला वाटलं आता त्या उठतील. खिडकीतून तळं दिसत होतं, त्याच्या मधोमध मी पाडलेलं काळं भोक. मग त्यांनी पिठल्याचा घास घेतला. चावला. गिळला.

"तिखट आहे," त्या म्हणाल्या.

"थोडं जास्त झालं."

"असू दे. ते असंच करायचे." आणि त्यांनी पुन्हा पिठलं वाढून घेतलं.

जेवताना मी विचारलं, "तुमचा विश्वास नाही, मग तेरावा दिवसच का?"

"मी कुठे म्हटलं होतं आत्मा येणार आहे? मी तुला बोलावलं होतं." त्या शिऱ्यातली गुठळी चमच्याने फोडत होत्या. "कुठल्यातरी दिवशी बसायला हवं ना गं. कुणी दिवस ठरवून दिला नाही तर माणूस मार्चपर्यंत सिंकपाशीच उभं राहतं. आपल्या लोकांनी एक ठरवून ठेवलाय. सोयीचा आहे."

शिरा आम्ही दोघींनी संपवला. गुठळ्यांसकट. मध्येच त्या हसल्या, शिऱ्याला, आणि मग हसता हसता रडल्या. मी काही बोलले नाही. पहिल्यांदाच.

परत मी रस्त्याने आले. सात किलोमीटर, मेलेल्या माणसाच्या पँटीत, पूर्णपणे कायदेशीर. वाटेत एकही गाडी भेटली नाही.

बाबांचं ते पत्रक खोटं ठरलं, असं मला वाटत नाही. गरिबाच्या दारात पंगत मागणारे आजही आहेत आणि उद्या कुणी ते पुन्हा छापलं तर मी पुन्हा घरोघर वाटेन. पण कागद कुणाच्या हातात द्यायचा आणि कुणाच्या दारात डबा न्यायचा, हे कागदावर लिहिलेलं नसतं. ते बघायला दारापर्यंत जावं लागतं.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा मी रस्त्याने जात राहिले. एप्रिलअखेर तळं आटलं. कुरण वर आलं, दगडांच्या फटींत निळी फुलं आली, आणि जिथे मी बर्फातून खाली गेले होते तिथे गाई चरू लागल्या. जुलैत मुलगी येऊन काकूंना लीड्सला घेऊन गेली. निघताना त्यांनी मला चावी दिली, कोंबड्या शेतकऱ्याला दिल्या. मी पुढे दोन महिने तिथे राहिले. संध्याकाळी पलीकडे दिवा लागायचा नाही. कोरड्या कुरणातून दहा मिनिटांत जाता आलं असतं, पण जायला कुणी नव्हतं. आता मी पुन्हा स्वोर्ड्सला आहे. लॅपटॉप समोर ठेवून जेवते, त्याला मीटिंग म्हणते. काकूंचा फोन येतो. त्या विचारतात, "समोर कोण आहे?" मी विषय बदलते.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत या वर्षभरात कुणाचं माणूस गेलं असेल, तर त्यांना फोन करून 'काही लागलं तर सांगा' म्हणू नका. ते सांगत नाहीत. दिवस तुम्हीच ठरवा, आणि तो याच आठवड्यातला असू द्या. घरात जे शिजलं असेल ते डब्यात भरा, जा, आणि डबा देऊन परत फिरू नका. आत जा. दोन ताटं मागा. त्यांचा पहिला घास पोटात जाईपर्यंत तुम्ही काहीही बोलू नका.